मल्लखांबाची परंपरा आणि ती घडविणारे गुरू

जमिनीत पुरलेला, एरंडेल तेल चोळून गुळगुळीत केलेला लाकडी खांब, त्यावर उलटा लटकलेला खेळाडू आणि खाली मातीत उभे राहून वर पाहणारा वस्ताद, हे दृश्य महाराष्ट्रातील तालमींना दोन शतकांपासून परिचित आहे. कुस्तीचा पूरक व्यायाम म्हणून आरंभ झालेला मल्लखांब आज राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील पदकाचा खेळ आहे. त्याच्या खेळाडूंना अर्जुन पुरस्कार, प्रशिक्षकांना द्रोणाचार्य आणि पद्मश्री मिळाली आहे. या प्रवासात राजाश्रय, स्थलांतर आणि संस्थात्मक बांधणी यांचा वाटा मोठा असला, तरी ही परंपरा प्रत्यक्षात टिकविली ती मोजक्या गुरूंनी. खेळाचे नियम कागदावर येण्यापूर्वी दीर्घकाळ ते गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात उतरत होते. त्यामुळे मल्लखांबाचा इतिहास हा बव्हंशी व्यक्तींचाच इतिहास ठरतो.

खांबावरील व्यायामाचा उल्लेख मात्र या परंपरेहून बराच जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लांच्या दिनचर्येचे सविस्तर वर्णन असून त्यात स्तंभश्रम, म्हणजे खांबाच्या साह्याने करावयाचा व्यायाम, सांगितलेला आहे. मल्लाने आहार कसा घ्यावा, विश्रांती कधी घ्यावी, कोणते श्रम कोणत्या क्रमाने करावेत, याची चर्चा करणाऱ्या या ग्रंथामुळे दख्खनमध्ये कुस्तीच्या पूर्वतयारीसाठी खांब वापरला जात असे, एवढे निश्चित म्हणता येते. त्यानंतरची काही शतके मात्र या विद्येचा धागा फारसा हाती लागत नाही. तो पुन्हा सापडतो तो थेट पुण्यात, दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या कारकिर्दीत.

या पुनरुज्जीवनाचे श्रेय बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. त्यांच्याविषयीची कथा मल्लखांबाच्या प्रत्येक आखाड्यात सांगितली जाते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे खुले आव्हान दिले. दरबारातील कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटांनी ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या गडावर त्यांनी अनुष्ठान केले. तेथे वानराच्या झाडावरील हालचाली पाहून, किंवा भाविक सांगतात त्याप्रमाणे साक्षात मारुतीच्या दर्शनाने, त्यांना लाकडी खांबावर कुस्तीचे डाव घोटण्याची युक्ती सुचली. मुदत संपल्यावर ते पुण्यास परतले, त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने कुस्ती न लढताच माघार घेतली.

ही कथा शिष्यपरंपरेतून आलेली आहे आणि तिच्यात श्रद्धेचा अंश स्पष्ट आहे. परंतु तिच्या गाभ्यात तांत्रिक शहाणपण आहे, ते दुर्लक्षून चालणार नाही. कुस्तीचा सराव जोडीदाराशिवाय होत नाही आणि तुल्यबळ जोडीदार नेहमी मिळत नाही. खांब हा न थकणारा, न दुखावणारा आणि तेलामुळे कधीही हातात न ठरणारा प्रतिस्पर्धी असतो. त्याला मांडीच्या पकडीत धरणे, बगलेत आवळणे, मान त्याच्याभोवती लपेटणे, या सर्व क्रिया कुस्तीच्या डावांशी थेट जुळतात. खांबाच्या भागांना दिलेली नावेही हेच सांगतात. जाड खालचा भाग म्हणजे अंग, त्यावरचा निमुळता भाग म्हणजे मान आणि टोकाचा गोल भाग म्हणजे बोंड. खांब हा उभा माणूसच आहे, अशी या विद्येची मूळ कल्पना आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. दुसरा बाजीराव इंग्रजांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर येथे राहावयास गेला आणि त्याच्याबरोबर पुण्याच्या दरबारातील अनेक कुटुंबे उत्तरेत स्थिरावली. राजकीयदृष्ट्या हा अस्त होता. मल्लखांबाच्या दृष्टीने मात्र तो विस्ताराचा आरंभ ठरला. बाळंभटदादा आणि त्यांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा उभारला. काशी हे तीर्थक्षेत्र असल्याने देशभरातून तेथे विद्यार्थी, यात्रेकरू आणि पैलवान येत. पुण्यातील तालमीत जी विद्या काही मराठी घरांपुरती राहिली असती, ती गंगेच्या घाटांवर आल्याने माळवा, बुंदेलखंड आणि गुजरातपर्यंत पोहोचली.

बिठूरच्या वाड्यात वाढलेल्या मुलांनाही या परंपरेत शिक्षण मिळाल्याचे सांगितले जाते. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका, म्हणजे पुढील काळातील झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांची नावे त्यात घेतली जातात. लक्ष्मीबाईंचा मल्लखांब हा तिच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविलेला तपशील आहे. त्या उल्लेखाला पुढे वेगळेच महत्त्व आले. मुलींनी मल्लखांब करावा की नाही, हा वाद विसाव्या शतकात जेथे जेथे झाला, तेथे मुलींच्या बाजूने झाशीच्या राणीचा दाखला दिला गेला.

काशीच्या वास्तव्यात या विद्येत एक महत्त्वाची भर पडली. वेताच्या लांब छडीला टांगून घेऊन करावयाचा वेताचा मल्लखांब आरंभी प्रचारात होता. लांब आणि लवचीक वेत सर्वत्र मिळेना, तेव्हा त्याची जागा सुती दोरीने घेतली, आणि त्यातून दोरीचा मल्लखांब हा स्वतंत्र प्रकार उदयास आला. पुरलेला खांब स्थिर असतो आणि खेळाडू त्याच्याभोवती फिरतो. दोरी मात्र खेळाडूबरोबर हलते, झुलते आणि त्याच्या अंगाभोवती विळखा घालते. दोरीला गाठ न मारता, केवळ पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये ती पकडून वर चढावे लागते. खांबावर बळ आणि उडी यांना अधिक वाव असतो, तर दोरीवर पकड, लवचीकता आणि तोल यांना. या दोहोंशिवाय साखळीने आकड्याला टांगलेला, आखूड आणि हलता असा टांगता मल्लखांब हा तिसरा प्रकार आज स्पर्धांमध्ये मान्य आहे.

बाळंभटांच्या पुढच्या पिढ्यांतील दामोदरगुरू मोघे यांचे नाव या परंपरेत आदराने घेतले जाते. काशीच्या आखाड्यातून बाहेर पडलेल्या अशा गुरूंनी ही विद्या मध्य भारतातील संस्थानांत नेली. उज्जैनमध्ये अच्युतानंद गुरूंच्या नावाने चालणारी व्यायामशाळा आजही त्या शाखेची साक्ष देते. मध्य प्रदेशने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले, त्यामागे शे-दीडशे वर्षांची ही पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्रातील वाचकांना हा निर्णय काहीसा अनपेक्षित वाटला असेल. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, धार आणि उज्जैन येथील मराठी व बिगरमराठी आखाड्यांनी एकत्रितपणे जपलेला हा वारसा तितकाच माळव्याचाही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेचे केंद्र बडोद्याकडे सरकले. बडोदा संस्थानात कुस्तीला राजाश्रय होता आणि महाराज सयाजीराव गायकवाड यांना व्यायाम हा शिक्षणाचा भाग व्हावा असे वाटत होते. येथे जुम्मादादा या मुसलमान वस्तादांच्या आखाड्यात घडलेले राजरत्न प्राध्यापक माणिकराव यांनी देशी व्यायामाला नवे वळण दिले. गुरूच्या मृत्यूनंतर माणिकरावांनी त्यांची गादी चालविली आणि संस्थेला गुरूचेच नाव ठेवले. बडोद्याचे जुम्मादादा व्यायाम मंदिर हे त्या नात्याचे स्मारक आहे. धर्माच्या भिंती उंच होत चाललेल्या काळात एका हिंदू शिष्याने मुसलमान गुरूचे नाव आपल्या आयुष्याच्या कार्यावर कोरावे, ही गोष्ट आखाड्याच्या संस्कृतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. या संस्कृतीत जातिभेद नव्हता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु मातीत उतरल्यानंतर वस्तादाचा शब्द अंतिम असे, हे खरे.

माणिकरावांचे कार्य केवळ डाव शिकविण्यापुरते नव्हते. तोपर्यंत आखाडा म्हणजे एक गुरू आणि त्याच्या मर्जीतील काही शिष्य, अशी रचना होती. माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसविली. शेकडो मुलांना एकाच वेळी, एका तालात, भारतीय भाषेतील आज्ञांवर व्यायाम करता येईल अशी कवायत त्यांनी तयार केली. लाठी, लेझीम, जंबिया, मल्लखांब यांचे शिक्षण क्रमाने, टप्प्याटप्प्याने देता येते, हे त्यांनी दाखवून दिले. हाडे बसविण्याच्या कौशल्याबद्दलही त्यांची ख्याती होती आणि त्यांच्याकडे उपचारासाठी दूरवरून लोक येत. त्यांच्या शिष्यांतून पुढे महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये अनेक व्यायामशाळा उभ्या राहिल्या.

या शिष्यांपैकी जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा उल्लेख आवश्यक आहे. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी माणिकरावांकडे शिक्षण घेतले. योगाच्या वैज्ञानिक अभ्यासासाठी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणारे कुवलयानंद सर्वांना ज्ञात आहेत. परंतु शालेय शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही त्यांचा मोठा हात होता. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते. त्यानंतर १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. आखाड्यातील वस्तादाची विद्या शाळेच्या वेळापत्रकात येण्याचा मार्ग या टप्प्यावर मोकळा झाला.

बडोद्याने मल्लखांबाला आणखी एक गोष्ट दिली, आणि दीर्घकालीन परिणामाचा विचार करता तीच कदाचित सर्वांत मोलाची ठरावी. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात १० खंडांत मराठीतून प्रसिद्ध झाला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, पोहणे, आसने, देशी-विदेशी खेळ, यांची माहिती छायाचित्रांसह एकत्र करणारा असा प्रयत्न भारतीय भाषांमध्ये विरळा आहे. त्याचाच संक्षेप १९५० मध्ये इंग्रजीतून निघाला. वस्तादांना आपले डाव कागदावर उतरविणे सहसा रुचत नसे. विद्या फुकट जाते आणि अपात्राच्या हाती पडते, असा समज होता. अशा काळात शेकडो उड्या, पकडी आणि आसने यांना निश्चित नावे देऊन, क्रम लावून, चित्रांसह छापणे हे धाडसाचे काम होते. अनेक गुरू शिष्य न ठेवता गेले. त्यांच्याबरोबर जे जाणार होते, त्यातील काही अंश या खंडांमुळे वाचला.

मल्लखांबाची परिभाषा समजून घेतल्याशिवाय या नोंदींचे महत्त्व ध्यानी येत नाही. आरंभ सलामीने होतो. खांबाला पायांनी वेढून धरण्याच्या मूळ पकडीला अढी म्हणतात. जमिनीवरून खांबावर जाण्याच्या उड्यांचे साधी, बगली, दसरंग असे प्रकार आहेत. खांबाभोवती वेलीसारखे वर चढत जाणे म्हणजे वेल, हातांच्या वेढ्यातून सारे शरीर ओवून काढणे म्हणजे सुईदोरा, आणि अंग सैल सोडून वेगाने गिरकी घेणे म्हणजे फिरकी. अंग खांबापासून बाहेर फेकून केवळ एका पकडीवर तोलून धरले की तो फरारा. ही नावे मल्लांनी, स्वयंपाकघरातील, शेतातील आणि शिवणकामातील शब्द घेऊन घडविली. एखाद्या क्रीडाप्रकाराची सबंध तांत्रिक भाषा मराठीत असणे ही आजच्या काळात दुर्मीळ बाब आहे. परदेशी खेळाडूही हे शब्द तसेच वापरतात.

विदर्भात हेच कार्य अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने केले. अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंत वैद्य यांनी १९१४ मध्ये या संस्थेची स्थापना केली. छोट्या आखाड्यापासून आरंभ झालेली ही संस्था उन्हाळी प्रशिक्षण वर्गांमुळे देशभर पोहोचली. वेगवेगळ्या प्रांतांतील तरुण सुटीत अमरावतीला येत, शिकून परत जात आणि आपल्या गावी आखाडा काढीत. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीही काही काळ येथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यात मल्लखांबाचाही समावेश होता. ध्यानचंद यांच्या हॉकी संघाच्या सुवर्णपदकामुळे ते ऑलिम्पिक भारतात स्मरणात राहिले. त्याच शहरात, त्याच उन्हाळ्यात, विदर्भातील तरुण लाकडी खांबावर उलटे टांगलेले होते, ही बाब मात्र फारशी सांगितली जात नाही.

पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्रीय मंडळ आणि मुंबईत दादर येथे १९२५ मध्ये काळे गुरुजींनी स्थापन केलेले श्री समर्थ व्यायाम मंदिर, या दोन संस्थांनी शहरी मध्यमवर्गाच्या मुलांना मल्लखांबाकडे वळविले. शिवाजी पार्कच्या कडेला असलेल्या समर्थ व्यायाम मंदिराने याच मैदानाच्या वाढीबरोबर आपली शंभर वर्षे पूर्ण केली आहेत. एका बाजूला क्रिकेटच्या खेळपट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला खांब आणि दोऱ्या, अशी मुंबईतील क्रीडासंस्कृतीची दोन टोके तेथे रोज संध्याकाळी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पहिल्या टोकाला मिळणारा पैसा आणि प्रसिद्धी दुसऱ्याला कधी मिळाली नाही, हे वेगळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर मल्लखांबापुढे निराळा प्रश्न उभा राहिला. आखाड्यात कौशल्याचे मोल गुरू ठरवीत असे. स्पर्धेत ते पंचांनी, गुणांच्या आधारे, सर्वांना मान्य होईल अशा रीतीने ठरवावे लागते. १९५८ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब प्रथमच सादर झाला आणि १९६२ मध्ये ग्वाल्हेर येथे जिम्नॅस्टिक्सच्या छत्राखाली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जिम्नॅस्टिक्सच्या घरात हा खेळ पाहुणाच राहणार, हे लवकरच स्पष्ट झाले. १९८१ मध्ये भारतीय मल्लखांब महासंघ स्थापन झाल्यावर नियमांचे एकसूत्रीकरण सुरू झाले. पुरलेल्या मल्लखांबाची जमिनीवरील उंची सुमारे अडीच मीटर, संचासाठी दीड मिनिटापर्यंतचा अवधी, घटकांची काठिण्यपातळी, सलगता आणि उतरती उडी यांचे गुण, अशी चौकट हळूहळू निश्चित झाली. काही जुन्या वस्तादांना हा बदल रुचला नाही. घड्याळाच्या काट्यावर खेळ बसविल्याने मुरलेली पकड मागे पडून चमकदार उड्यांना महत्त्व येते, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही.

या संक्रमणकाळात सर्वाधिक काळ आणि सर्वांत विस्तृत कार्य ज्यांनी केले त्यांत उदय विश्वनाथ देशपांडे यांचे नाव अग्रभागी आहे. समर्थ व्यायाम मंदिरात लहानपणी खेळाडू म्हणून आलेल्या देशपांडे यांनी पुढे तेथेच प्रशिक्षणाची धुरा सांभाळली, पंचांसाठी गुणांकनाची नियमावली घडविण्यात पुढाकार घेतला आणि परदेशांत शिबिरे घेतली. त्यांच्या कामाचा सर्वांत लक्षणीय भाग मात्र पदकांशी संबंधित नाही. दृष्टिहीन मुली, अपंग मुले, अनाथालयातील मुले, आदिवासी विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांना त्यांनी मल्लखांब शिकविला. दृष्टिहीन मुलींच्या बाबतीत दोरीचा मल्लखांब विशेष अनुकूल ठरला, याचे कारण तांत्रिक आहे. दोरी सतत अंगाला लागून असते, त्यामुळे आपण कोठे आहोत आणि जमीन कोणत्या दिशेला आहे, याचा अंदाज डोळ्यांऐवजी त्वचा आणि ताण यांवरून घेता येतो. प्रशिक्षकाला मात्र प्रत्येक हालचाल करून दाखविण्याऐवजी शब्दांत सांगावी लागते किंवा हाताने वळवून द्यावी लागते. देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मुलींच्या सहभागाचा इतिहास काहीसा आडवळणाचा आहे. झाशीच्या राणीचे उदाहरण सर्वतोमुखी असूनही स्पर्धांमध्ये दीर्घकाळ मुलींसाठी प्रामुख्याने दोरीच राहिली; पुरलेला खांब हा पुरुषांचा मानला गेला. खांबावर मांड्यांची पकड उघड्या त्वचेने घ्यावी लागते आणि त्यासाठी लागणारा तोकडा पोशाख मुलींना शोभत नाही, असा युक्तिवाद केला जाई. अलीकडच्या काळात मुलींच्या गटातही पुरलेल्या मल्लखांबाच्या स्पर्धा होऊ लागल्या आहेत. मुंबईच्या हिमानी परब हिला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षीच्या यादीत सागर ओव्हाळकर याचे नाव होते. त्याआधी २०२० मध्ये उज्जैनचे योगेश मालवीय यांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला होता. दोन वर्षांच्या अंतरात आलेल्या या तीन पुरस्कारांनी, शासकीय मान्यतेच्या यादीत नेहमी तळाशी राहिलेल्या या खेळाचे स्थान बदलले.

शासकीय मान्यता हा येथे केवळ मानाचा प्रश्न नाही. सामान्य कुटुंबातील मुलाने दहा-बारा वर्षे रोज पहाटे खांबावर अंग घासून काढावे, तळहातांना आणि मांड्यांना घट्टे पडू द्यावेत, आणि शेवटी त्याच्या हाती नोकरीच्या दृष्टीने काहीच येऊ नये, ही या खेळाची जुनी व्यथा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकऱ्यांच्या यादीत २० नव्या खेळांची भर घातली, त्यात मल्लखांब होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गतका, कलरीपयट्टू आणि थांग-ता यांच्याबरोबर मल्लखांबाचा समावेश खेलो इंडिया युवा स्पर्धेत करण्यात आला. २०२२ मध्ये गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो प्रथमच पदकाचा खेळ म्हणून खेळला गेला. त्या स्पर्धेत बडोद्याच्या अवघ्या १० वर्षांच्या मुलाने कांस्यपदक मिळविले, तेव्हा जुम्मादादा आणि माणिकराव यांच्या शहराचे नाव पुन्हा एकदा या खेळाशी जोडले गेले.

महाराष्ट्राबाहेर या खेळाने जी रूपे घेतली, त्यांत तमिळनाडूचे उदाहरण विशेष लक्ष वेधून घेते. तेथे त्याला मल्लर कंबम म्हणतात. कंबम म्हणजे तमिळमध्ये खांब. विळुप्पुरम हे त्याचे प्रमुख केंद्र मानले जाते. तेथील प्रशिक्षक आणि खेळाडू या विद्येचे मूळ चोळ आणि पल्लव काळात शोधतात आणि पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन याच्या ‘मामल्ल’ या बिरुदाकडे निर्देश करतात. मराठी वाचकाला येथे तंजावरची आठवण होणे स्वाभाविक आहे. कुंभकोणम, पापनाशम, तिरुक्करुगावूर हा कावेरीच्या खोऱ्यातील प्रदेश व्यंकोजीराजांपासून १७९९ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात होता आणि मराठी कीर्तन, नाटक व ग्रंथसंग्रह यांचा तेथील ठसा सर्वज्ञात आहे. परंतु मल्लखांबाला याच मार्गाने दक्षिणेत नेणे हे सोयीचे असले, तरी पुराव्याला धरून नाही. बाळंभटांचे पुनरुज्जीवन पुण्यात झाले ते तंजावरचे राज्य उभे राहिल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी, आणि त्यानंतरची ज्ञात शिष्यशाखा उत्तरेकडे गेलेली आहे. खांबावर कसरत करणाऱ्या मल्लांची परंपरा दक्षिणेत स्वतंत्रपणे असणेही शक्य आहे. ‘मानसोल्लास’ हा ग्रंथही विंध्याच्या दक्षिणेचाच.

छत्तीसगडमधील नारायणपूरचे उदाहरण याहून वेगळे आहे. अबुझमाडच्या जंगलपट्ट्यातील आदिवासी मुलांना घेऊन पोलीस दलातील मनोज प्रसाद यांनी तेथे मल्लखांबाचे प्रशिक्षण सुरू केले. नक्षलवादी हिंसाचारामुळे ज्या भागाचे नाव बातम्यांत येत असे, तेथील मुले राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवू लागली आणि २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ या स्पर्धेचे विजेतेपद अबुझमाडच्या मल्लखांब पथकाने पटकावले. या मुलांच्या घराण्यात तालीम नव्हती, वस्ताद नव्हता आणि मराठीही नव्हती. झाडावर चढण्याची सवय मात्र उपजत होती. सप्तशृंगीच्या कथेतील वानराची आठवण येथे व्हावी, अशीच ही गोष्ट आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली, तेव्हा सुमारे १५ देशांचे खेळाडू त्यात सहभागी झाले होते. जर्मनी, अमेरिका, जपान अशा देशांतून आलेले हे खेळाडू बहुधा योगाच्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या वाटेने या खेळाकडे वळलेले होते. परदेशातील त्यांच्या सरावाची मुख्य अडचण प्रशिक्षकाची नसून खांबाची असते. योग्य वाढीचे, गाठी नसलेले सागवान किंवा शिसम, त्याला मानेपासून बोंडापर्यंत दिलेला अचूक निमुळतेपणा आणि वर्षानुवर्षे तेल पिऊन आलेली चकाकी, हे सारे कारखान्यात तयार होत नाही. दोरी मात्र सामानाच्या पिशवीत मावते आणि कोठल्याही भक्कम तुळईला टांगता येते. त्यामुळे देशाबाहेर या खेळाचा प्रसार प्रामुख्याने दोरीच्या मल्लखांबानेच होत आहे.